टोळ काय टाकून जातो?

राज्यावर आणि शेतीवर येणाऱ्या संकटांची एक यादी आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. तिला ते 'ईति' म्हणत. पाऊस फार पडणे, पाऊस मुळीच न पडणे, उंदीर, पोपट, शेजारचा चढाईखोर राजा आणि शलभ म्हणजे टोळ, अशी ती सहा संकटे. या यादीत टोळाला परचक्राच्या पंक्तीला बसवले आहे, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशातील पिके 'मटची'ने नष्ट झाल्यावर हा विद्वान ब्राह्मण बायकोसह वणवण फिरतो आणि एका माहुताच्या पुढ्यातले उष्टे कुल्माष मागून खातो. शंकराचार्यांनी मटची म्हणजे आकाशातून पडणाऱ्या गारा किंवा वज्र असा अर्थ केला. पुढे काही अभ्यासकांनी कानडीतील 'मिडिचे' या टोळवाचक शब्दाकडे बोट दाखवून हे संकट टोळधाडीचे असावे असे सुचवले. मला हा दुसरा अर्थ अधिक पटतो. गारांनी एखाद्या गावाचे शिवार झोपते. विद्वानाला माहुताच्या पानातले खायला लावणारी अन्नान्नदशा साऱ्या देशावर आणायला टोळच हवेत.

टोळ म्हटला की 'सर्वभक्षी' हे विशेषण आपल्या तोंडी आपोआप येते. आला, बसला, सारे फस्त केले. उपकार विसरून घर धुऊन नेणाऱ्या पाहुण्यांनाही आपण टोळधाडच म्हणतो. परंतु गेल्या शेसव्वाशे वर्षांत या किड्याचा जो अभ्यास झाला त्याने हे विशेषण बरेच लंगडे पडले आहे. टोळ निवड करतो. तो वास घेतो, चाखतो, नाक मुरडतो आणि काही झाडे जशीच्या तशी टाकून जातो. (आपण त्याच्या भावंडाला 'नाकतोडा' म्हणतो खरे, पण त्याचे नाक तोंडावर नसून मिशांत असते.) धाड गेल्यावर मागे काय उरले याकडे माणसाने फार उशिरा पाहिले. पाहिले तेव्हा मात्र त्यातून कामाच्या गोष्टी हाती लागल्या.

या कथेचा एक मोठा भाग आपल्या दाराशीच घडला आहे. दिघीच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा, डावीकडे समुद्रात जंजिरा आणि पाठीमागे पूर्वेला डोंगरांमागून डोंगर चढत गेलेला सह्याद्री. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाकडे होता. शेजारचा कुलाबा जिल्हा इंग्रजांकडे. टोळांना अर्थातच संस्थान आणि खालसा मुलूख हा भेद ठाऊक नव्हता. राजस्थानच्या वाळवंटातून येणारा तो प्रसिद्ध वाळवंटी टोळ. पण आपल्या सह्याद्रीच्या रानांना घर करून राहिलेला टोळ निराळा. त्याला जगभर 'मुंबईचा टोळ' म्हणतात. शास्त्रीय नाव पतंगा सक्सिंक्टा. त्याच्या वंशाला हे 'पतंगा' नाव १९२३ मध्ये बोरिस उवारोव्ह या रशियात जन्मलेल्या आणि लंडनला स्थायिक झालेल्या कीटकशास्त्रज्ञाने दिले, तेव्हा निदान अर्धे नाव तरी आपल्या भाषेतले आहे.

एकोणिसाव्या शतकात या टोळाच्या मोठ्या धाडी आल्या त्या १८३५ ते ४५, १८६४ ते ६६ आणि १८७८ ते ८४ या काळात. शेवटची १९०१ ते १९०८. यांपैकी १८७८ ची धाड कोणत्या मुहूर्तावर आली ते पाहा. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ नुकता सरत होता. दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचीही वानवा होती. त्यावर टोळ. १८८२-८३ मध्ये दख्खन आणि कोकण दोन्हींकडे त्यांचा उपद्रव वाढला तेव्हा इंग्रज सरकारने अंडी खणून काढणे, पिले गोळा करणे आणि मारलेल्या टोळांसाठी बक्षीस देणे असे उपाय केले. ज्याच्या शेतात काही उरले नाही त्याने टोळ वेचून पैसे मिळवायचे, हा त्या काळचा कारभार. त्या सरकारला हा किडा वर्षातला कोणता महिना कुठे काढतो याचीही नीट माहिती नव्हती. सरकारी कागदपत्रांत नुकसानीचे आकडे भरपूर, पण टोळ कशावर बसला आणि कशाला त्याने तोंड लावले नाही, असा प्रश्न विचारणारा माणूस त्यात क्वचितच भेटतो.

तो माणूस १९०३ मध्ये आला. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे त्या वर्षी हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि आल्या आल्या मुंबईच्या टोळाचा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला गेला. १९०३-०४ मधील पाहणीवर त्यांनी लिहिलेला वृत्तान्त १९०६ मध्ये कृषिखात्याने प्रसिद्ध केला. त्यातून या टोळाचे वर्ष प्रथमच स्पष्ट झाले. वर्षातून त्याची एकच पिढी होते. पावसाच्या तोंडाशी, जून-जुलैत, मादी मोकळ्या जमिनीत अंडी घालते. पिले गवतात वाढतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांना पंख फुटतात आणि मग थवे सह्याद्रीच्या जंगलांकडे वळतात. सारा हिवाळा ते लालसर रंगाचे थवे घाटांच्या आणि कोकणाच्या झाडीत काढतात. उन्हाळ्यात पांगू लागतात आणि मृगाच्या वाऱ्यांबरोबर पुन्हा देशावर व गुजरातेकडे अंडी घालायला जातात.

कोकणच्या माणसाला हे वेळापत्रक ओळखीचे वाटावे. भात कापून झाल्यावर देशावरचे गवत पिवळे पडते, माळ उघडे होतात, आणि हिरवे काय ते घाटाच्या राईत, दऱ्यांत आणि किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीत उरते. टोळ हिरव्याच्या मागे जातो, एवढेच यातून सरळ निघते. परंतु हिरवे त्याला कसे कळते? डोळ्यांनी, की वासाने? लेफ्रॉय यांच्या काळात या प्रश्नाचे उत्तर द्यायला साधने नव्हती. लेफ्रॉय पुढे लंडनला प्राध्यापक झाले आणि १९२५ मध्ये किडे मारण्याच्या विषारी वायूचे प्रयोग करताना त्याच वायूने गुदमरून वारले. कीटकांशी वैर धरलेल्या माणसाचा असा शेवट कादंबरीत वाचला असता तर आपण लेखकाला दोष दिला असता.

मध्यंतरी १९२१ मध्ये उवारोव्ह यांनी मोठा उलगडा केला होता. एकटा राहणारा, हिरवट, लाजाळू नाकतोडा आणि थव्याने फिरणारा भडक टोळ हे दोन वेगळे प्राणी नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, हा तो उलगडा. गर्दी झाली की एकटा टोळ काही तासांत वागणे बदलतो आणि पुढच्या पिढ्यांत रंगही. आपल्याकडे १९२६ ते ३१ या काळात वाळवंटी टोळाने सरकारी अंदाजाप्रमाणे दहा कोटी रुपयांचे नुकसान केले. तेव्हाचे दहा कोटी! त्यानंतर रावबहादूर वाय. रामचंद्र राव यांनी सिंध-बलुचिस्तानच्या ओसाड मुलखात वर्षानुवर्षे फिरून या टोळाचा माग काढला, १९३९ मध्ये टोळांची आगाऊ सूचना देणारी सरकारी संघटना उभी राहिली, आणि रावांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळी पावसाचा प्रदेश आणि उन्हाळी पावसाचा प्रदेश यांच्यामध्ये टोळ येरझारा घालतो, हे त्यातले सूत्र. १९५१ मध्ये आर. सी. रेनी यांनी याला हवामानशास्त्राची जोड दिली. थवे वाऱ्याबरोबर वाहत जातात, आणि वारे जिथे एकमेकांस भेटतात तिथे पाऊसही पडतो. म्हणून टोळ आपोआप पावसाच्या ठिकाणी, म्हणजे उद्याच्या हिरवळीच्या ठिकाणी पोचतो.

तेव्हा आकाशातला थवा आपल्या वाडीचा वास घेत शंभर कोसांवरून येतो, ही कल्पना सोडून द्यावी लागते. त्याला वारा आणतो. वासाचे काम जमिनीजवळ, थोड्या अंतरावर सुरू होते. ते कसे, हे १९६२ मध्ये लंडनच्या टोळ संशोधन केंद्रातील हॅस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. प्रयोग अगदी साधा. उपाशी पिले एका बोगद्यात ठेवायची आणि त्यावरून वारा सोडायचा. नुसत्या वाऱ्यात त्यांच्या चालण्याला काही ठराविक रोख दिसत नव्हता. त्याच वाऱ्यात गवताचा वास मिसळला की ती वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करून चालू लागत. म्हणजे वास दिशा सांगत नाही. दिशा वारा सांगतो. वास एवढेच सांगतो की 'आता चालायला हरकत नाही'. खाडीत गळ टाकून बसणाऱ्याला हे पटकन समजेल, कारण आमिषाचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि मासा प्रवाहाविरुद्ध वर येतो.

हा वास म्हणजे तरी काय? विळ्याने गवत कापताना जो ताजा, हिरवा दर्प येतो तोच. पान चिरडले किंवा कुरतडले गेले की त्यातील स्निग्ध द्रव्ये फुटून काही उडून जाणारी रसायने हवेत मिसळतात. टोळाच्या मिशांवर त्यांना ओळखणारे हजारो बारीक ज्ञानतंतू असतात. यात एक गमतीची गोष्ट दडली आहे. पहिला टोळ पान कुरतडतो तेव्हा त्याच्या खाण्याचाच वास बाकीच्यांना आमंत्रण ठरतो.

परंतु वासाने दारापर्यंत आलेला पाहुणा जेवेलच असे नाही. टोळाच्या तोंडाशी चार बारीक बोटांसारखे अवयव लोंबत असतात. पानावर चढल्यावर तो त्यांनी पानाचा पृष्ठभाग भराभर टिचकावून पाहतो. त्यांच्या टोकांवर चव ओळखणारे शेकडो सूक्ष्म केस असतात. पानावरच्या मेणाच्या थराचीही त्याला पारख असते. तिथे समाधान झाले तर एक घास, आणि तोही गोड लागला तर पुढचे जेवण. नाहीतर तो मान फिरवतो. एलिझाबेथ बर्नेज आणि रेजिनाल्ड चॅपमन या जोडीने १९७० नंतरच्या वर्षांत हा अभ्यास फार बारकाईने केला. केवळ गवतवर्गीय वनस्पती खाणारा एक टोळ आहे, स्थलांतरी टोळ. त्याला इतर झाडे का चालत नाहीत, याचे उत्तर त्यांना असे मिळाले की गवतात काही खास आकर्षण असते म्हणून नव्हे, तर इतर बहुतेक झाडांत त्याला नकोशी वाटणारी काहीतरी द्रव्ये असतात म्हणून. झाड कुंपण घालते, आणि कुंपण नसलेल्या शेतात तो शिरतो.

आपल्या ज्वारीचे उदाहरण घ्या. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे देशावरच्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तिच्या पानांत एक द्रव्य असते, ते चावताच त्यातून हायड्रोसायनिक आम्लाचे विष सुटते. हेच विष स्थलांतरी टोळालाही पहिल्या घासाबरोबर परतवून लावते. ज्वारी वाढली की हे विष ओसरते आणि टोळाचा नकारही ओसरतो. म्हणजे एकच पीक आषाढात नकोसे आणि भाद्रपदात हवेसे. 'ज्वारीला टोळ लागतो की नाही?' या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही, आणि जुन्या अहवालांत एकाच पिकाविषयी परस्परविरोधी शेरे का सापडतात हेही यावरून उमगते.

आता कडुनिंबाकडे येऊ. पाडव्याला आपण त्याची पाने तोंड वाकडे करून का होईना, पण खातो. वाळवंटी टोळ तेवढेही करीत नाही. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीनंतर सारे उजाड झालेले असताना कडुनिंबाची झाडे हिरवी उभी असलेली हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिली आणि आयुष्यभर त्याच झाडाचा ध्यास घेतला. इकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून प्रयोग केले. लाख भाग पाण्याला एक भाग पूड इतक्या विरल पाण्यात बुडवलेले पानही टोळाने खाल्ले नाही. १९६२ मध्ये दिल्लीवर खरोखरच टोळ आले तेव्हा हे पाणी फवारलेल्या पिकांवर ते बसले, पण त्यांनी पीक खाल्ले नाही. बसले, पण खाल्ले नाही, हे शब्द महत्त्वाचे आहेत. कडुनिंब टोळाला वासाने हाकलीत नाही, जिभेवर अडवतो. १९६८ मध्ये इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातील मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, वेगळे काढले. कोणत्या अंशात ते आहे याची परीक्षा त्यांनी टोळालाच करायला लावली; जे टोळ खाईना ते घ्यायचे. त्या रेणूची रचना पक्की ठरायला १९८५ उजाडले, आणि प्रयोगशाळेत तो संपूर्ण बनवायला २००७.

मात्र कडुनिंबाचा जयजयकार करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाळवंटी टोळाचा अमेरिकेतला चुलतभाऊ या द्रव्याला फारसा जुमानीत नाही. कीटकाकीटकांची जीभ निराळी. शिवाय आपल्या बांधावर बिनकुंपणाचा घास आणि शेजारच्या बांधावर निंबोळीचे पाणी असेल, तर टोळ कुठे जेवील हे उघड आहे. थाळ्या-डबे वाजवून टोळ उठवण्याचा जुना उपायही याच जातीचा. तो शेत वाचवतो, शिवार वाचवीत नाही. पूर्वी गव्हाच्या कोंड्यात सोमलाचे विष कालवून पिलांच्या वाटेवर पसरीत. टोळाच्या आवडीचाच तो उपयोग होता. पण कोंडा गुरांनाही आवडतो, आणि सोमलाला टोळ व गाय यांतला फरक कळत नाही.

थव्यात शिरल्यावर टोळाची आवडच पालटते, ही गोष्ट तर याहून विलक्षण. एकटा टोळ कडू, विषारी झाडे टाळतो. थव्यातले टोळ मात्र खुरासानी ओव्याच्या जातीची धोतऱ्यासारखी विषारी झाडे खुशाल खातात, आणि ते विष पोटात असेतोवर त्यांना खाणाऱ्या सरड्या-पाखरांना ते बाधते. त्यांचा पिवळा-काळा भडक रंग ही त्याची पाटी. रुईवर बसणारा रंगीबेरंगी टोळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. डिवचला तर तो घाण द्रवाची पिचकारी मारतो. त्याचे शस्त्रागार म्हणजे रुईचा चीक. एकांतात सोवळा आणि गर्दीत सर्वभक्षी, असा हा प्राणी. माणसांच्या गर्दीविषयी इथे काही बोलण्याचा मोह मी आवरतो.

केवळ आवडनिवड नव्हे, गरजही पाहायला हवी. स्टीफन सिम्सन यांनी दाखवून दिले की टोळाच्या शरीरात प्रथिने कमी पडली की तो प्रथिनांचे अन्न निवडतो, पिष्ट कमी पडले की पिष्टाचे. २०१२ मध्ये चीनमधील अंतर्गत मंगोलियाच्या कुरणांवरील एका टोळाविषयी असे आढळले की जिथे मेंढ्या अति चारल्या गेल्या, माती कसहीन झाली आणि गवतातला नत्राचा अंश घटला, तिथेच तो अधिक वाढतो. त्याला तसलेच निकृष्ट गवत मानवते. जमीन थकवणारा माणूस टोळाला ताट वाढून देतो, असा त्याचा अर्थ. डोंगर उघडे करून गवत राखणाऱ्या आपल्या प्रदेशाने हे ऐकून ठेवण्यासारखे आहे. थायलंडात १९६० नंतर जंगल तोडून मक्याची लागवड वाढली तेव्हा आपला हाच मुंबईचा टोळ तिथे मोठा शत्रू झाला. तिथल्या लोकांनी त्यावर काढलेला तोडगा वेगळाच होता. ते टोळ पकडून तळून खाऊ लागले, आणि सरकारनेही त्यास उत्तेजन दिले.

आपल्याकडे १९०८ नंतर मुंबईच्या टोळाचे थवे दिसलेले नाहीत. वाळवंटी टोळ मात्र येत राहिला. २०१८ मध्ये अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात दोन चक्रीवादळांनी पाऊस पाडला, तिथे कोणाच्या नजरेस न येता पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, आणि २०२० च्या मे महिन्यात त्यांचे थवे राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरले. वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्रा बागाईतदारांनी रात्री जागून डबे वाजवले. एक चौरस किलोमीटरच्या लहानशा थव्यात चार ते आठ कोटी टोळ मावतात आणि पस्तीस हजार माणसांचे अन्न दिवसात संपवतात, हे पाहता त्यांच्या डोळ्यांवर झोप येणे शक्यच नव्हते. टाळेबंदीचे ते दिवस. मुंबईतही टोळ आल्याची अफवा उठली. कोकणात ते आले नाहीत. आठवडाभरातच, ३ जूनला, आले ते निसर्ग वादळ, आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दिघीपर्यंतच्या नारळी-पोफळी त्याने आडव्या केल्या. एकाच आठवड्यात महाराष्ट्राच्या दोन टोकांना ईतींच्या यादीतली दोन संकटे.

विदर्भात फवारणी झाली ती रात्री आणि पहाटे, टोळ झाडावर गारठून बसलेले असताना. औषधे रासायनिकच होती. आफ्रिकेत सोमालियाने त्याच साथीत टोळाला रोग जडवणारी बुरशी मोठ्या प्रमाणावर वापरली. ती टोळवर्गाबाहेर फारशी कोणाला बाधत नाही, पण मारायला दिवस घेते. उभे पीक डोळ्यांदेखत जाताना दिवस मोजत बसायला शेतकऱ्याला कसे सांगावे, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांनाही सुटला नव्हता.

वासाच्या अभ्यासाची गाडी अजून प्रयोगशाळेतच आहे. २०२४ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झ विद्यापीठातून एक निष्कर्ष आला. थव्यात वाढलेल्या टोळाला नुसत्या पानाचा वास आवडतो, नुसत्या भाईबंदांचा वास फारसा ओढत नाही. पण दोन्ही वास एकत्र आले की ओढ वाढते. एकट्या वाढवलेल्या टोळात अशी वाढ दिसली नाही. संशोधकांनी टोळाच्या मेंदूतील वासाच्या केंद्रात हा बदल प्रत्यक्ष पाहिला. 'इथे अन्न आहे' आणि 'इथे आपले जेवत आहेत' या दोन बातम्या त्या इवल्या मेंदूत एक होतात. एक टोळ बसला की त्याच शेतावर सारा थवा का कोसळतो, याचा निदान एक धागा त्यातून सापडतो. त्या मिश्र वासाचा सापळा करता येईल काय, अशी चर्चा आहे; शेतावर उपयोगी पडेल असा सापळा अद्याप कोणी करून दाखवलेला नाही.

दरम्यान जोधपूरच्या टोळ कार्यालयातली माणसे वाळवंटातील ठरावीक ठिकाणी जाऊन झुडपे हलवतात, उडालेले टोळ मोजतात आणि आकडा वर कळवतात. मुंबईच्या टोळासाठी अशी पाहणी नाही. तो संपलेला नाही. थवा न करता, एकेकटा, आजही भारतात राहतो, आणि दिवाळीच्या सुमारास त्याला पंख फुटतात.